पुनर्वसनाचे नवे यंत्र आणि आपले जुने काम

(मिशनच्या वार्षिक साहाय्यक-मेळाव्यात आरोग्य विभागाच्या कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज दुपारच्या बैठकीत आपल्यापुढे एक ठराव येणार आहे. आपल्या एका जुन्या हितचिंतक कुटुंबाने मिशनच्या आरोग्यकामासाठी मोठी देणगी देऊ केली आहे. त्यांच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला होता. शहरातल्या रुग्णालयात त्यांना व्हर्च्युअल रिअॅलिटीच्या यंत्रावर व्यायाम दिला गेला आणि त्यांचा हात पुष्कळ सुधारला. असेच यंत्र आपल्या सातपुड्यातल्या रुग्णांना का मिळू नये, असे त्या कुटुंबाच्या मनात आले. आपल्याला जे मिळाले ते डोंगरातल्या गरिबालाही मिळावे, ही इच्छा देवाने मनात घातलेली आहे असे मी मानतो. ते कुटुंब आज आपल्यात बसले आहे. पहिल्यांदा त्यांचे आभार.

ठरावावर मत देण्याआधी हे यंत्र काय आहे, ते कुठे उपयोगी पडते, कुठे पडत नाही आणि आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काय लागते, हे मी सांगावे असे मंडळाने ठरवले. मी डॉक्टर नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेला समाजसेवक आहे. रुग्णांच्या घरी जाऊन बसणे, त्यांचा हात-पाय हलवून घेणे आणि कागदपत्रे करून देणे हे माझे रोजचे काम. त्यातून आणि जाणत्या फिजिओथेरपिस्टांकडून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी पुनर्वसन म्हणजे काय ते पाहू. डॉक्टर जीव वाचवतात. औषधाने रक्तदाब खाली येतो, जखम भरते, तुटलेले हाड जुळते. पण त्यानंतर माणूस घरी येतो तेव्हा खरा प्रश्न सुरू होतो. लकवा मारलेल्या बाईला पाण्याचा तांब्या उचलता येईल का? झाडावरून पडून कंबर मोडलेला तरुण परसाकडे स्वतः जाऊ शकेल का? चुलीत भाजलेल्या मुलीचा कोपर सरळ होईल का, की कातडी आखडून हात कायमचा दुमडलेला राहील? या प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजे पुनर्वसन. ते महिनोन् महिने चालते आणि ते मुख्यतः घरीच घडते.

पक्षाघातात मेंदूचा काही भाग मरतो. तो परत जिवंत होत नाही. पण मेंदूला देवाने एक विलक्षण गुण दिला आहे. एका भागाचे काम दुसरा भाग शिकून घेऊ शकतो. मात्र तो एका दिवसात शिकत नाही. लहान मूल चालायला शिकताना किती वेळा पडते आणि उठते, ते आठवा. तसेच इथेही एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. अमेरिका आणि कॅनडातल्या सात केंद्रांत संशोधकांनी उपचाराची ३१२ सत्रे शेजारी बसून मोजली. २००९ साली त्यांनी जे छापले ते असे, की हाताने एखादे कामाचे काम करण्याचा सराव रुग्णाकडून एका सत्रात सरासरी फक्त ३२ वेळा होत होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदललेला दिसला तो रोजच्या शेकडो हालचालींनी. म्हणजे जिथे सगळ्या सोयी आहेत तिथेही सराव कमी पडतो. का कमी पडतो? कारण तो कंटाळवाणा असतो, दमवणारा असतो, आणि आज केलेल्या कष्टाचे फळ आज दिसत नाही.

याच ठिकाणी व्हर्च्युअल रिअॅलिटीचा, म्हणजे आभासी वास्तवाचा उपयोग आहे. डोळ्यांवर एक पेटी बांधतात. तिच्यात प्रत्येक डोळ्यासमोर वेगळे चित्र असते, त्यामुळे समोर खोल, खरे वाटणारे जग दिसते. मान वळवली की दृश्यही वळते. हातात धरलेल्या मुठीमुळे किंवा कॅमेऱ्यामुळे यंत्राला हात कुठे आहे ते कळते. रुग्ण खुर्चीत बसलेला असतो, पण त्याला दिसते की आपण फळे तोडतो आहोत किंवा चेंडू अडवतो आहोत. हात चार बोटे वर गेला तरी यंत्र ते टिपते आणि गुण देते. खेळता खेळता हालचालींची संख्या वाढते. काही ठिकाणी पेटी नसते, समोर पडदा असतो. तत्त्व तेच.

दुसरा उपयोग वेदनेसाठी आहे. भाजलेल्या माणसाची पट्टी बदलताना पाहिले आहे का कोणी? मी पाहिले आहे. मोठी माणसेही आईला हाक मारतात. अमेरिकेत सिअॅटल इथे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी असे आभासी जग वापरायला सुरुवात केली. पुढे त्यांनी त्यासाठी बर्फाचेच जग तयार केले. रुग्ण बर्फाच्या दरीतून जातो आणि बर्फाचे गोळे फेकतो. तेवढ्या वेळात परिचारिका पट्टी बदलते. वेदना कमी जाणवते, कारण वेदनेलाही आपले लक्ष लागते, आणि लक्ष दुसरीकडे गुंतले की तिच्या वाट्याला कमी येते. औषध द्यावे लागतेच, पण त्याला जोड मिळते. २०२१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या अशा एका उपचाराला मान्यताही दिली. आपल्या भागात सिकलसेलची मुले आहेत. त्यांच्या हाडांत उठणारी कळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशा साधनाचे मोल सांगायला नको.

म्हणजे यंत्र खोटे नाही. आता दुसरी बाजू ऐका.

२०१६ साली चार देशांतल्या १४ केंद्रांत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड हे ते देश. पक्षाघात होऊन तीन महिने झाले नव्हते अशा १४१ रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचा उपचार होताच. वर एका गटाला पडद्यावरचे हालचालींचे खेळ दिले. दुसऱ्या गटाला काय दिले? पत्ते, चेंडू, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, असले साधे खेळ. दोन आठवड्यांत तासाची दहा सत्रे. शेवटी हात तपासले तर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. यंत्राने नुकसान केले नाही, पण पत्त्यांच्या पुढेही ते गेले नाही.

तुम्ही म्हणाल, एकाच अभ्यासावर कसे जावे? जगभरचे अभ्यास गोळा करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिने २०१७ साली अशा ७२ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत २,४७० रुग्ण होते. निष्कर्ष असा, की नेहमीच्या व्यायामाऐवजी यंत्र दिले तर हाताला जास्त फायदा दिसत नाही. नेहमीच्या व्यायामावर भर म्हणून दिले तर फायदा होऊ शकतो, कारण एकूण सराव वाढतो. या वाक्यातला 'भर' हा शब्द लक्षात ठेवा. भर घालायला आधी भांड्यात काहीतरी असावे लागते. शहरातल्या त्या वडिलांकडे रोज फिजिओथेरपिस्ट येत होते, नर्स होती, मुलगा-सून जवळ होते. यंत्र त्यावरची भर होती. आपल्या पाड्यावरच्या आजीकडे यातले काय आहे?

मग काही जण म्हणतात, यंत्र नको, डॉक्टरही नको, घरच्यांनाच शिकवून टाका. हेही आपल्या देशात करून पाहिले गेले आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाच्या नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवले, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे पाठवले. सहा महिन्यांनी पाहिले तर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण दोन्ही गटांत सारखेच, शंभरात ४७.

हे वाचून मला आधी वाईट वाटले, कारण आपले बरेचसे काम घरच्यांना शिकवण्याचेच आहे. पण आपल्या पाड्यांकडे बघितले की कारण दिसू लागते. दिवाळी झाली की निम्मे गाव गुजरातकडे मजुरीला जाते. ज्या सुनेला आपण आजीचा हात हलवायला शिकवले, ती गाडीत बसून निघून जाते. मागे राहतात म्हातारी माणसे, शेळ्या आणि लहान मुले. जी राहते तिलाही पाणी, लाकूडफाटा, चूल, शेत. पहिले पंधरा दिवस व्यायाम होतो. मग होत नाही. तिला दोष देता येत नाही. दर आठवड्याला कोणी येऊन 'कसे चालले आहे' असे विचारणारे नसेल, तर तुमच्या-माझ्या घरीही हेच होईल.

बेथेस्दाच्या तळ्याकाठच्या त्या माणसाची गोष्ट आपण सर्व जाणतो. ३८ वर्षे तो आजारी होता. तळे समोर होते. उपाय हाताच्या अंतरावर होता असे लोक मानत. त्याची तक्रार तळ्याबद्दल नव्हती. त्याची तक्रार ही होती की पाणी हालते त्या वेळी उचलून आत सोडणारे आपल्याजवळ कोणी नाही. प्रभूने त्याला बरे केले, पण त्याआधी त्याची ही तक्रार ऐकून घेतली. आपल्या कामात मला ही तक्रार रोज ऐकू येते. डोंगरात तळी वाढली आहेत. सरकारची ई-संजीवनी ही सेवा २०१९ पासून आहे. तिच्यामुळे फोनच्या पडद्यावर डॉक्टर भेटतात. मोबाइल घरोघरी आले. कमी पडतो तो तळ्यापर्यंत नेणारा माणूस.

आता तीन संच आपण घेतले असे समजू. साधा संच चाळीस-पन्नास हजारांच्या घरात येतो. खास वैद्यकीय वापराचा त्याहून पुष्कळ महाग. तो ठेवणार कुठे? तालुक्याच्या गावी. नर्मदेकाठच्या पाड्यावरून लकव्याच्या रुग्णाला तिथे आणायचे तर झोळी बांधून चार माणसांनी डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावर आणायचे, मग जीप. हे आठवड्यातून तीन वेळा कोण करील? बरे, संचच पाड्यावर नेला तर त्याला वीज लागते, अधूनमधून इंटरनेट लागते, दुरुस्त करणारा लागतो. काही जणांना पेटी डोळ्यांवर लावली की मळमळते, चक्कर येते; ज्याचा तोल आधीच गेला आहे तो पडू शकतो. फिट येणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावता येत नाही. एकाची पेटी दुसऱ्याला लावताना नीट पुसावी लागते, नाहीतर खरूज आणि डोळे येणे घरोघर पोहोचेल. आणि त्यातले खेळ? दुकानातल्या मांडणीवरून डबे काढा, बोलिंगचा चेंडू टाका, बर्फावरून घसरा. सूचना इंग्रजीत. आपली आजी पावरी बोलते, मराठीही तिला अर्धी कळते.

यावर आपल्याच देशात एक उत्तम उदाहरण आहे. १९६८ साली जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर यांनी मिळून कृत्रिम पाय तयार केला. त्याआधी परदेशी धर्तीचे पाय मिळत होते आणि यंत्र म्हणून ते चांगलेच होते. पण त्यांवर बूट घालावा लागे, मांडी घालून किंवा उकिडवे बसता येत नसे, भाताच्या चिखलात उतरता येत नसे. माणसे ते पाय कोपऱ्यात ठेवून कुबडीवर चालत. जयपूर फूट रबराचा झाला, दिसायला खऱ्या पायासारखा, अनवाणी चालता येईल असा. शर्मांचे शिक्षण फारसे नव्हते, पण माणूस कसा बसतो-उठतो हे त्यांनी पाहिले होते. तंत्रज्ञान माणसाच्या अंगणात बसले पाहिजे, हा त्यातला धडा.

आपल्या अंगणात बसेल असे काय आहे? मी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट आरसा. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन हे मूळचे तमिळनाडूचे, अमेरिकेत काम करणारे मेंदूतज्ज्ञ. हात कापलेल्या माणसांना नसलेल्या हातात वेदना होतात. त्यावर त्यांनी १९९०च्या दशकात एक साधा आरसा वापरला. चांगला हात आरशासमोर ठेवायचा, दुसरी बाजू आरशामागे. चांगला हात हलला की प्रतिबिंबात गेलेला हात हलताना दिसतो. मेंदूला ते दिसणेही पुरते. हाच उपाय पुढे पक्षाघातासाठी वापरला गेला. कॉक्रेनच्या २०१८च्या आढाव्यात आरशाच्या उपचाराच्या ६२ अभ्यासांतले १,९८२ रुग्ण होते, आणि हाता-पायाची हालचाल व रोजची कामे यांत सुधारणा दिसली. विचार करा, हेही एक आभासी वास्तवच आहे. त्याला वीज लागत नाही, आणि तो आठवडी बाजारात मिळतो.

अक्कलकुवा तालुक्यातल्या एका पाड्यावर आमच्या सेविकेने एका आजीसमोर असा आरसा धान्याच्या कोठीला टेकवून उभा केला. आजीचा उजवा हात पाच महिने मांडीवर पडून होता. डावा हात हलला, आरशात उजवा हलला, आणि आजी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "हा माझा आहे का?" त्या दिवसापासून रोज सकाळी नातू आरसा लावून द्यायचा. डब्यात पन्नास खडे. एक हालचाल झाली की एक खडा दुसऱ्या डब्यात. हे आमचे मोजणीचे यंत्र. सेविका दर मंगळवारी जाई. आज आजीला भाकरी थापता येत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण पीठ मळताना उजव्या हाताने परात धरता येते, लुगडे सावरता येते, आणि परसाकडे जायला तिला कोणाची वाट पाहावी लागत नाही. त्या वयाच्या बाईसाठी ही लहान गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट खरे काम. फिजिओथेरपिस्ट सांगतात की जे काम परत करता यायला हवे, त्याच कामाचा सराव सर्वांत बरा. शहरातल्या खोलीत स्वयंपाकघर नसते म्हणून यंत्रात दाखवावे लागते. आपल्याकडे परात आहे, सूप आहे, दोरी वळणे आहे, आंब्याच्या दिवसांत आमचुरासाठी फोडी वाळवणे आहे. अंगणात दोन बांबू आडवे बांधले की चालायच्या सरावाचे कठडे तयार.

तिसरी गोष्ट मोबाइल, आणि इथे डिजिटल तंत्राचे मी मनापासून स्वागत करतो. फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत रुग्णाला व्यायाम शिकवतात तेव्हा सेविका त्याचे चित्रीकरण करते. चित्रात तोच रुग्ण, तेच घर, तीच भाषा. ते घरच्या फोनमध्ये घालून दिले की रेंज लागत नाही. महिन्यातून दोनदा सेविका टेकडीवर रेंज मिळते तिथून नवे चित्रीकरण तज्ज्ञांकडे पाठवते आणि ते पुढचा व्यायाम सांगतात. रुग्णाने गुजरातला गेलेल्या मुलाला व्हिडिओवर हात वर करून दाखवला, की त्या दिवशी सराव दुप्पट होतो. शिवाय अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांचा अर्ज ऑनलाइन करता येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत आणि सिकलसेलचाही त्यांत समावेश आहे. किती पालकांना हे माहीत आहे? एका कार्डाने घरात जे बळ येते, ते कित्येकदा व्यायामाला सुरुवात करायलाही पुरते.

मात्र एक पथ्य. हे चित्रीकरण उपचारासाठी आहे. ते मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटात फिरवायचे नाही, आणि या पत्रिकेत छापायलाही द्यायचे नाही, जोवर रुग्ण समजून-उमजून हो म्हणत नाही. तुम्हा साहाय्यकांना छायाचित्रे हवी असतात, मला कळते. पण अर्धवट कपड्यात, लाळ गळत असताना आपले छायाचित्र कोणी पाहिलेले तुम्हाला चालेल का? आता २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही आहे. कायदा नसता तरी देवाच्या प्रतिरूपाचा मान राखणे आपल्यावर होतेच.

चौथी गोष्ट माणूस. गेल्या पावसाळ्यात नदीला पूर होता आणि धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर सात आठवडे कोणी पोहोचू शकले नाही. तिथे एक तरुण बाप आहे. जूनमध्ये त्याची बोटे हळूहळू उघडू लागली होती. ऑगस्टच्या शेवटी सेविका पोहोचली तेव्हा मूठ घट्ट आवळलेली होती, नखे तळव्यात रुतली होती. आरसा भिंतीलाच होता. फोनमध्ये व्यायामाचे चित्रीकरण होते. त्याने एवढेच म्हटले, "मला वाटले, तुम्ही आता येणार नाही." बंधुभगिनींनो, ती मूठ पुन्हा उघडायला आता किती महिने लागतील, सांगता येत नाही. त्या काठावर राहणारी एक सेविका असती तर पुराने तिला अडवले नसते.

इथे प्रार्थनेबद्दलही बोलले पाहिजे. काही घरांत लोक बडव्याकडे जातात, तर आपल्या मंडळीतली काही कुटुंबे आरोग्यसभेला नेऊन आणतात आणि म्हणतात, आता देव करील, व्यायाम कशाला? मी रुग्णाबरोबर प्रार्थना करतो आणि करत राहीन. पण प्रार्थना संपल्यावर आमेन म्हणून लगेच आम्ही खडे मोजायला बसतो. ज्या देवाने मेंदूला पुन्हा शिकण्याची शक्ती दिली, त्याला त्या शक्तीचा वापर केलेला राग येणार नाही. आणि ही सेवा ख्रिस्ती, अख्रिस्ती असे विचारून करायची नाही, हे आपल्या मिशनचे पहिल्यापासूनचे धोरण आहे.

आपल्यासमोर एक थोर उदाहरणही आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ साली मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. मग न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचे शिक्षण घेतले आणि परत येऊन तो विभाग उभा केला. १९६६ साली वेल्लोरला पुनर्वसन संस्था सुरू झाली. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काळातले सर्वांत नवे शिक्षण त्यांनी घेतले, म्हणजे नव्याला त्या घाबरल्या नाहीत. पण त्यांनी जे उभारले त्यात माणसे तयार करण्याला जागा होती, निव्वळ साधनांना नव्हे.

म्हणून दुपारच्या ठरावात मी एक दुरुस्ती मांडणार आहे. ज्यांनी देणगी देऊ केली त्या कुटुंबाशी मी काल बोललो आहे, त्यांच्या पाठीमागे हे बोलत नाही. तीन संचांऐवजी एक संच घ्यावा. तो तालुक्याच्या गावी, जिथे भाजलेल्यांची पट्टी बदलली जाते आणि सिकलसेलची मुले दाखल होतात, तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावा. तिथे वीज आहे, परिचारिका आहे आणि रुग्ण आधीच खाटेवर आहे. तिथे ते यंत्र खरी भर घालील. उरलेल्या रकमेतून पाड्यांवरच राहणाऱ्या दोन सेविकांचे तीन वर्षांचे मानधन, त्यांचे प्रशिक्षण, दोन चांगले फोन आणि फिजिओथेरपिस्टांच्या महिन्याला दोन फेऱ्या यांची तरतूद करावी. आरशांचा खर्च मी हिशेबात धरलेला नाही. तो आमच्या तरुण संघाने उचलला आहे.

मला ठाऊक आहे, यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. सेविकेच्या पगारावर पाटी लावता येत नाही. यंत्राचे उद्घाटन होते, फीत कापता येते. मंगळवारी चिखल तुडवत कोणीतरी डोंगर चढून गेली, याचे उद्घाटन होत नाही. शिवाय यंत्र एकदा घेतले की झाले, माणसाला दर महिन्याला द्यावे लागते. म्हणून माझी मागणी या एका कुटुंबापुरती नाही. तीन वर्षांनंतर त्या सेविकांचे काय, हा प्रश्न तुम्हा प्रत्येकापुढे आहे. मंडळीमंडळीतून दरमहा ठरलेली वर्गणी आली, ती थोडी का असेना, तर चौथ्या वर्षी कोणाला घरी पाठवावे लागणार नाही. पुरुषांच्या सभेने, महिला मंडळाने आणि तरुण संघाने आपापला आकडा आज संध्याकाळपर्यंत खजिनदारांकडे लिहून द्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणखी एक विनंती. तुमच्यापैकी कोणी फिजिओथेरपिस्ट असाल, किंवा तुमच्या घरात कोणी ते शिकत असेल, तर महिन्यातून एक तास फोनवर द्या. चित्रीकरण पाहून 'खांदा उचलू देऊ नका, कोपर टेकवा' एवढे एक वाक्य सांगितले तरी डोंगरातल्या एका माणसाचा आठवडा सार्थकी लागतो. पावरी आणि भिलोरी जाणणारी मुले-मुली असतील तर व्यायामाच्या सूचना त्या भाषांत बोलून द्या.

पुढच्या मंगळवारी नर्मदेकाठच्या त्या तरुण बापाकडे मी सेविकेबरोबर जाणार आहे. मूठ सैल करायला तज्ज्ञांनी कापडाची गुंडाळी कशी बांधायची ते शिकवले आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि दुपारी हात वर करून मत द्याल, तेव्हा ज्यांना अजून हात वर करता येत नाही त्यांची आठवण ठेवा.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.